पहिलं लाकडी धनुष्य स्वतः बनवायचंय? मग कामांचा क्रम नीट समजून घ्या

पहिलं धनुष्य बहुतेक वेळा दोरी चढवताना तुटतं नाहीतर त्यानंतरच्या पहिल्या पाचदहा ओढींत, आणि मग सगळे लाकडाला दोष देतात. लाकूड बिचारं बरोबर असतं हो. तुटण्याची कारणं तीनच असतात: लाकूड गरजेपेक्षा जास्त कोरडं झालं होतं, पाठीवरचे तंतू तासताना कापले गेले, किंवा दोन्ही बाजू सारख्या वाकतायत का हे न बघताच कोणीतरी कानापर्यंत ओढून बघितलं. तिन्ही चुका क्रमाच्या आहेत, हत्यार चालवण्यात हात बसलाय की नाही याच्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. म्हणून हा लेख लांब आहे आणि काही गोष्टी मी परत परत सांगणार आहे.

इथे आपण अख्ख्या लाकडाचं, म्हणजे चिकटवलेले थर नसलेलं, रुंद चपट्या पात्यांचं धनुष्य बनवतोय. लांबी ६८ इंच, ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, साधारण ३५ पौंड म्हणजे १६ किलो (पुढे जिथे ओढ इंचांत सांगतो तिथे दोरी किती मागे येते ते धरायचं). पहिल्यांदा करणाऱ्याने ६६ इंचांहून छोटं किंवा या ओढीहून जड करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पन्नास पौंडाचं पाहिजे म्हणणारे खूप भेटतात, त्यांनी ते तिसऱ्या खेपेला करावं.

आधी चार नावं पक्की करा

धनुष्य हातात धरल्यावर जो भाग लक्ष्याकडे असतो ती पाठ. जो तुमच्या तोंडाकडे असतो ते पोट. मधली मूठ, आणि मुठीच्या वर-खाली वाकणारी दोन पाती. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड ताणाखाली तुटतं तेव्हा फटकन तुटतं, दाबाखाली मात्र आधी सुरकुततं. म्हणून पाठीला हत्यार लावायचं नाही आणि जे काय तासायचं ते पोटाकडून तासायचं. लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका.

टप्पा १: स्वतःची ओढ मोजा, मग लांबी ठरवा

दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत किती इंच होतात ते कोणाकडून तरी मोजून घ्या आणि त्याला अडीचने भागा. ७० इंच भरले तर ओढ २८ इंच. आता ओढीच्या दुप्पट अधिक दहा-बारा इंच, एवढी धनुष्याची लांबी ठेवायची. २८ च्या ओढीला ६६ ते ६८. उंची कमी असेल, ओढ २५-२६ भरत असेल तरी ६६ च्या खाली जाऊ नका, कारण लांब धनुष्य चुका पोटात घालतं आणि आखूड धनुष्य एकही चूक माफ करत नाही.

टप्पा २: लाकूड निवडणं

इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून लोक ओसेज आणि यू ही लाकडं शोधत बसतात. महाराष्ट्रात ती सहज मिळत नाहीत, आणि गरजही नाही.

धामण मिळत असेल तर पहिली पसंती तिला. सह्याद्रीत, सातपुड्यात धामण होते, कावडीच्या काठीला आणि हत्यारांच्या दांड्यांना तिचं लाकूड वापरतात ते याच लवचिकपणासाठी. दुसरी पसंती तुती. पण रेशमासाठी दरवर्षी छाटलेली झुडपी तुती नको, तिला सरळ सहा फूट खोड मिळतच नाही. बांधावर किंवा परसात मोकळी वाढू दिलेल्या झाडाची सरळ फांदी किंवा खोड बघा. तिसरा पर्याय म्हणजे मुंबई-पुण्याच्या लाकूडबाजारात मिळणारी ॲश या परदेशी लाकडाची फळी, तिच्याबद्दल याच टप्प्याच्या शेवटी सांगतो.

सागाबद्दल हमखास विचारलं जातं. फर्निचरला उत्तम, पण पहिल्या धनुष्याला मी साग घेऊ देणार नाही, ताणाखाली तो ठिसूळ वागतो. आणि आंबा, पांगारा, सिल्व्हर ओक वगैरे हलकी मऊ लाकडं नकोतच.

कुठलं लाकूड चालेल याची शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. त्याच लाकडाची वाळलेली एक फूट लांब, अर्धा इंच रुंद, पाव इंच जाड पट्टी काढा आणि हाताने मोडा (डोळ्याला चष्मा लावून). लांब लांब कुसळं निघत, चरचरत, उशिरा मोडली तर लाकूड कामाचं. मुळ्यासारखी आडवी कट्कन मोडली तर ते लाकूड चुलीला द्या.

ओंडका कसा पाहिजे: साडेसहा फूट लांब, तीन ते चार इंच व्यासाचा, सरळ, ज्या बाजूला पाठ काढायची त्या बाजूला गाठी नाहीत असा. सालीवरच्या रेघा खोडाभोवती गोल फिरत गेल्या असतील तर आतले तंतूही पीळ घेतलेले असतात, तो ओंडका सोडून द्या.

*इशारा:* जंगलातून लाकूड तोडून आणू नका. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी महाराष्ट्रात वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे आणि काही जातींना परवानगी लागते, शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. आधी विचारून घ्या. छाटणीचं किंवा वादळात पडलेलं ताजं लाकूड मिळालं तर सगळ्यात छान.

फळी घेणार असाल तर रंग, पॉलिश, किंमत काही बघू नका, फक्त रेषा बघा. रुंद बाजूवरच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेल्या पाहिजेत, मध्येच कडेने बाहेर पडता कामा नयेत. मग तेच कडेच्या बाजूने बघा. वखारीत पन्नास फळ्या उलटसुलट केल्यावर एखादी मिळते, मालक वैतागतो, त्याला आधीच सांगून ठेवा की वेळ लागणार आहे. फळीच्या पाठीवर सुती किंवा लिननचं कापड फेविकॉलने ताणून चिकटवलं तर कुसळ उठायचा धोका कमी होतो.

टप्पा ३: फोडणं, साल काढणं, टोकं बंद करणं

ओंडका आणल्या दिवशीच दोन्ही टोकांना ऑइल पेंटचे किंवा फेविकॉलचे दोन जाड हात द्या. उद्या नको, आजच. टोकाकडून पाणी भराभर जातं आणि रात्रीत भेगा पडतात, त्या मग आत आत सरकतात.

मग ओंडका करवतीने न चिरता पाचरी मारून उभा फोडा. करवत तुम्ही न्याल तिथे जाते, पाचर तंतूंच्या वाटेने जाते आणि लाकडात पीळ आहे की नाही ते लगेच कळतं. चार इंचाच्या ओंडक्याचे दोन अर्धे होतात, म्हणजे दोन धनुष्यांचा माल, एक बिघडलं तर दुसरं आहे. फोडल्यावर एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत थोडंसं फिरलेलं असेल तर चालवून घेता येतं, पाव फेरा फिरलेलं असेल तर नाही.

आता साल. पावसाळ्यात तोडलेल्या लाकडाची साल हाताने सोलली जाते आणि खाली गुळगुळीत पांढरं लाकूड दिसतं, तीच तुमची तयार पाठ. देवानेच करून दिलेली, एकही तंतू न कापलेला. हिवाळ्यात तोडलेल्याची साल घट्ट असते, ती सुरीच्या बोथट पाठीने खरवडत काढायची, धारदार वाकस किंवा पटाशी घेऊन इथे उतावीळपणा केला की पाठीत खाच पडलीच म्हणून समजा. व्हिडिओत पाठीचा एकेक वर्षाचा थर काढत खाली जातात ना, ते इथे करायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत वर्षवलयं स्पष्ट दिसतच नाहीत, मग थर पकडायचा कसा? सालीखालचा पहिला पृष्ठभाग वापरणं हाच आपल्यासाठी सरळ मार्ग आहे.

साल तशीच ठेवली तर तिच्याखाली किडा लागतो आणि महिन्याभरात पिठासारखा भुसा पडायला लागतो, म्हणून साल काढलेलीच बरी. पण सोललेली पाठही लगेच रंगाने किंवा शेलॅकने बंद करा, नाहीतर तिथे भेगा पडतील.

*तपासा:* पाठीवर नखाने लागेल अशी एकही आडवी खाच नाही ना? असेल तर दुसरा अर्धा घ्या.

टप्पा ४: वाळवणं, जिथे सगळे घाई करतात

धनुष्याच्या लाकडात पाणी साधारण ८ ते १२ टक्के असावं. त्याहून ओलं असेल तर धनुष्य तुटत नाही पण वाकलेलं राहतं, दोरी काढल्यावर सरळ होत नाही, मग बाणाला जोर नाही. फार कोरडं झालं तर ते फटकन तुटतं.

अख्खा अर्धा ओंडका वाळायला वर्ष लागू शकतं. त्यामुळे तो आधी ढोबळ तासून घ्या: रुंदी सव्वादोन इंच, जाडी सव्वा इंच, मुठीच्या जागी पावणेदोन इंच. मग तो एका जाड सरळ फळीला तीन-चार ठिकाणी सी-क्लॅम्पने किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून सावलीत, हवेशीर जागी ठेवा. पहिले तीन आठवडे उन्हात अजिबात नाही.

वाळलं हे कसं कळणार? वजनाने. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन करा आणि लाकडावरच पेन्सिलीने तारखेसकट लिहा. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग हळू, मग थांबतं. ओळीने तीन आठवडे आकडा तोच राहिला की झालं.

पण आता इथली मेख ऐका. वजन थांबणं म्हणजे लाकूड आजूबाजूच्या हवेइतकं कोरडं झालं, एवढाच त्याचा अर्थ. जुलैत रत्नागिरीत वजन स्थिर झालं तरी लाकूड ओलंच असतं, कारण हवाच तशी असते. आणि मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला वजन स्थिर झालं तर ते लाकूड गरजेपेक्षा जास्त कोरडं असतं. म्हणून कोकणात आणि मुंबईत टिलरिंगचं, म्हणजे दोन्ही पाती सारखी वाकतील अशी तासायचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. मेमध्येच करायचं असेल तर लाकूड आठवडाभर घरातल्या त्या खोलीत ठेवा जिथे कूलर चालतो, आणि मग हात लावा.

*इशारा:* ओव्हन, तंदूर, गाडीची काच बंद करून उन्हात ठेवणं असले शॉर्टकट नकोत. बाहेरचा थर आकसतो, आतला ओला राहतो आणि लाकूड मधून तडकतं.

टप्पा ५: आखणी आणि कच्चा आकार

हत्यारं फार लागत नाहीत: वाकस किंवा छोटी कुऱ्हाड, रंधा, लाकडाची खरखरीत कानस, बारीक कानस, चार मिलिमीटरची गोल कानस, सुरी, पॉलिश पेपर, आणि काम पकडायला व्हाईस. मशीन सँडर पहिल्या वेळेला बाजूला ठेवा, तो दोन सेकंदांत जेवढं खातो तेवढं परत लावता येत नाही.

पाठीवर मधोमध दोरा ताणून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत रेघ मारा. लाकूड आडवं किंचित वळलेलं असेल तर मूठ आणि दोन्ही टोकं एका रेषेत येतील अशी बसवा, मधलं थोडं इकडे-तिकडे गेलं तरी चालतं. जास्तच वळलं असेल तर त्या जागी पाऊण तास वाफ देऊन क्लॅम्पने सरळ करा आणि पुन्हा आठवडा-दोन आठवडे वाळू द्या.

मापं अशी. ६८ इंचांचा मध्य ३४ वर. मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोन इंच म्हणजे मूठ चार इंच. त्यापुढे दोन्हीकडे दोन-दोन इंच उतार, जिथे जाड मूठ पातळ पात्यात मिसळत जाते. उताराच्या शेवटी पातं पावणेदोन इंच रुंद, तीच रुंदी अर्ध्या पात्यापर्यंत म्हणजे अजून १५ इंच सरळ, आणि तिथून टोकापर्यंत सरळ रेषेत कमी होत पाऊण इंच. टोकं शेवटी अर्ध्या इंचावर आणायची आहेत पण आत्ता नाही, दोरी मुठीवरून तिरकी गेली तर दोरीच्या खाचा सरकवायला तेवढी जागा लागते.

आधी बाजू तासून रुंदी पूर्ण करा, जाडीला नंतर हात लावा. हा क्रम उलटा केला की पातं पातळही होतं आणि वेडंवाकडंही.

जाडी: उताराशी १९ मिलिमीटर, टोकाशी १४. ही रेघ पट्टीने सरळ मारायची नाही! पेन्सिल दोन बोटांत धरा, मधलं बोट पाठीच्या कडेला टेकवा आणि बाजूवरून सरकवत न्या, म्हणजे पाठ जशी खालीवर जाते तशीच रेघ जाईल. पाठीला टेंगूळ असेल तर पोटालाही त्या जागी टेंगूळ राहिलं पाहिजे. पट्टीने सरळ केलं तर टेंगळाच्या बाजूचा भाग पातळ होतो आणि पुढे तिथेच दुमडतं. पोट सपाट ठेवा, गोल नाही. कडेवर गाठ आली असेल तर तिच्याभोवती दोन-तीन मिलिमीटर रुंदी जास्त सोडा.

शेवटी पाठीच्या दोन्ही धारदार कडा पॉलिश पेपरने गोलसर करा. कुसळं उठतात ती याच कडांवरून.

टप्पा ६: जमिनीवर दाबून बघणं

टिलरिंग म्हणजे दोन्ही पाती सारखी आणि पूर्ण लांबीभर गोलाईत वाकतील असं पोटाकडून हळूहळू लाकूड काढत जाणं. सगळ्या कामातला निम्मा वेळ यात जातो आणि जायलाच पाहिजे.

एक टोक जमिनीवर टेकवा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने वरचं टोक धरा आणि मूठ दाबा. पाठ जमिनीकडे. पातं वाकतंय का, कुठे वाकतंय, ते बाजूने बघा. मग दुसरं पातं. सुरुवातीला काहीच हलत नाही. कानशीने लांब लांब हात मारत, पूर्ण पात्यावरून सारखं लाकूड काढा, एकाच जागी घासत बसू नका. दोन्ही पाती बऱ्यापैकी दाबल्यावर चार-पाच इंच वाकायला लागली की थांबा. उताराजवळचे दोन-तीन इंच आणि टोकाकडचे सहा इंच जवळजवळ ताठ राहिले तर ते बरोबरच आहे.

आता टोकापासून पाऊण इंचावर दोन्ही बाजूंना गोल कानशीने तिरक्या खाचा करा, तीन मिलिमीटर खोल. फक्त बाजूंना. पाठीवरून आडवी कानस फिरवायची नाही.

टप्पा ७: लांब दोरी आणि खांब

भिंतीला एक मजबूत लाकडी खांब ठोका, वरच्या टोकाला मूठ बसेल असा कट्टा, खाली जमिनीजवळ एक कप्पी. धनुष्य कट्ट्यावर आडवं, पोट खाली. दोरी धनुष्यापेक्षा किंचित लांब, खाचांत अडकवून नुसती लोंबती. तिच्या मध्याला सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा, काट्याला दुसरी दोरी, ती कप्पीतून फिरवून तुमच्या हातात. म्हणजे तुम्ही आठ-दहा फूट लांब उभे राहून ओढता आणि अख्खं धनुष्य समोर दिसतं. मोबाईल स्टँडवर लावून फोटो काढत गेलात तर फार फायदा होतो, ओढताना डोळा फसतो, फोटो फसवत नाही.

नियम दोनच, पण ते शेवटपर्यंत पाळायचे.

पहिला: काटा १६ किलोच्या पुढे कधीही जाऊ द्यायचा नाही. पातं कमी वाकत असलं तरी नाही. १६ किलोला ते कमी वाकतंय म्हणजे अजून लाकूड काढायचं आहे, जास्त ओढायचं नाही.

दुसरा: वाकण्यात चूक दिसत असेल तर ज्या ओढीला चूक दिसली त्याच्या पुढे ओढायचं नाही. आधी चूक काढायची.

चूक ओळखायला साधी युक्ती आहे. सहा इंचांचा सरळ लाकडी ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून पेन्सिल बसवा. धनुष्य थोडं ओढून बांधून ठेवा आणि ठोकळा पोटावरून सरकवा. जिथे सगळ्यात जास्त वाक आहे तिथे पेन्सिल जेमतेम टेकत नाही अशी पुढे-मागे करा, मग अख्ख्या पात्यावरून फिरवा. जिथे रेघ उमटली तो भाग ताठ आहे, तिथलं लाकूड काढा. जिथे उमटली नाही तिथे कानस लावायची नाही. ओढून बांधलेलं धनुष्य पाच मिनिटांपेक्षा जास्त तसं ठेवू नका.

एखादी जागा बिजागरीसारखी दुमडायला लागली की नवीन माणूस घाबरून तिथेच कानस चालवतो, आणि ती आणखी पातळ होते. त्या जागेला हातही लावू नका, तिच्या आजूबाजूचं काढा म्हणजे बाकीचं पातं तिच्याबरोबर वाकायला लागेल. ओढ दोन-तीन पौंडांनी उतरेल, उतरू दे.

प्रत्येक वेळी लाकूड काढल्यावर धनुष्य वीस-तीस वेळा कमी ओढीत ओढून सोडा (हळू सोडा, दोरी हातात धरूनच). काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही, या ओढींनंतर दिसतो. हे न करता दहा वेळा कानस मारणाऱ्याला अकराव्या वेळी कळतं की तीन वेळांपूर्वीच थांबायला हवं होतं.

*तपासा:* १६ किलोला दोन्ही टोकं सहा ते आठ इंच खाली येतात, दोन्ही सारखी, गोलाई सलग. मगच पुढे.

टप्पा ८: खरी दोरी, मग इंचाइंचाने पुढे

दोरी डॅक्रॉनची (हा पॉलिस्टरचा धागा), बारा ते चौदा पदरांची, तिरंदाजीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. आधुनिक न ताणणाऱ्या दोऱ्या पहिल्या लाकडी धनुष्याला नकोत, झटका थेट टोकांवर येतो. साधी नायलॉन फार ताणते. काही वापरलंत तरी दोरीची ताकद ओढीच्या किमान चौपट हवी.

पहिल्यांदा फक्त तीन इंच उंचीवर चढवा, म्हणजे मूठ आणि दोरीत तीन इंच अंतर. दोरी मुठीच्या मधून जाते का बघा. बाहेरून जात असेल तर टोकाच्या एका बाजूची खाच थोडी खोल करून टोकाची रुंदी त्या हिशोबाने कमी करा. मग पाच-सहा इंच उंचीवर न्या. दोन्ही उतारांपासून सारख्या अंतरावर दोरी आणि पोट यातलं अंतर मोजा: वरच्या पात्याला तीन ते पाच मिलिमीटर जास्त पाहिजे, म्हणजे खालचं पातं किंचित ताठ. तुमची बोटं दोरीच्या बरोबर मध्यावर नसतात म्हणून.

आता खांबावर १२ इंच, मग १४, १६, असं जायचं. प्रत्येक थांब्यावर तेच: बघा, खूण करा, काढा, तीस वेळा ओढा. कानस आता बाजूला ठेवून सुरीची पाठ किंवा खरवडणी वापरा. तुमच्या पूर्ण ओढीच्या दोन इंच आधी काटा १६ किलोला टेकला की थांबा. उरलेलं पॉलिश पेपर खाणार आहे आणि पहिले शंभर बाण खाणार आहेत.

*इशारा:* पोटावर केसाएवढ्या आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तिथे दाब जास्त पडतोय. बाकीचं पातं वाकायला लावा, ओढ कमी करा, आणि ते धनुष्य हलकंच वापरा. पाठीवर कुसळ उठलं तर लगेच दोरी उतरवा. छोटं असेल तर पातळ इन्स्टंट ग्लू आत जाऊ देऊन वरून दोऱ्याने घट्ट गुंडाळता येतं, बोटाएवढं असेल तर ते धनुष्य पुन्हा ओढायचं नाही. "टिक" असा आवाज आला आणि काही दिसलं नाही तर? कापसाचा बोळा पाठीवरून फिरवा, जिथे अडकेल तिथे बघा.

टप्पा ९: घासणं आणि तेल

८०, १२०, २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी लांबीच्या दिशेने. टोकं अर्ध्या इंचावर आणा, टोकाकडचं वजन कमी झालं की बाण झपाट्याने सुटतो आणि हाताला झटकाही कमी बसतो. मूठ हाताला बसेल तशी कोरा. पुन्हा खांबावर एकदा बघून घ्या, घासण्यानेही टिलर बदलतं.

मग उकळलेल्या अळशीच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येकात एक-दोन दिवस. कोकणात नुसतं तेल पुरत नाही, वर पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या, टोकांना आणि खाचांना जास्त.

*इशारा:* अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. मोकळी पसरून वाळू द्या, मग टाका.

टप्पा १०: पहिले बाण

बाण हलका चालत नाही. ओढीच्या प्रत्येक पौंडाला १० ग्रेन हा हिशोब धरा, म्हणजे ३५ पौंडाला ३५० ग्रेन, साधारण २३ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. बाण न लावता दोरी ओढून सोडणं तर कधीच नाही, बाणात जाणारी सगळी ताकद धनुष्यातच परत जाते आणि चांगलं धनुष्यही तुटतं. घरी पाहुणे आले की हेच पहिलं करतात, त्यामुळे दोरी चढवलेलं धनुष्य कुठे टेकवून ठेवू नका.

डोळ्याला चष्मा लावा. गवताच्या पेंढ्या किंवा जुन्या कपड्यांनी घट्ट भरलेलं पोतं, पाच-सहा मीटरवर, मागे पक्की भिंत किंवा मातीचा बांध, मागून कोणी येणार नाही अशी जागा. पहिले वीस बाण अर्ध्या ओढीत, पुढचे तीस पाऊण ओढीत, मग पूर्ण. पन्नासनंतर पुन्हा खांबावर लावून फोटो काढा आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघा. तुमच्यापेक्षा लांब हाताच्या माणसाला देऊ नका, २८ इंच ओढीचं धनुष्य त्याच्या हातात ३० इंच ओढलं जातं आणि तेवढ्यासाठी ते बनवलेलंच नाही. आणि पक्षी-प्राण्यांवर तर अजिबात नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे.

वापरून झालं की दोरी उतरवा, दर वेळी. दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, कोपऱ्यात टोकावर उभं नको. पावसाळ्यात ओढ दोन-तीन पौंडांनी उतरलेली वाटेल, त्या दिवसांत लांब वेळ ओढून धरू नका, आणि ऑक्टोबर संपल्यावर पुन्हा एकदा खांबावर चढवून दोन्ही पाती मोजून बघा, वरच्याला तीन ते पाच मिलिमीटर जास्त आहे का ते.